वाटाड्या चुकला तेव्हा

रविवारची दुपार होती. तिने नुकतेच केस धुतले होते, डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, आणि आता बाल्कनीतल्या उन्हात जाऊन उभं राहायचं एवढाच तिचा बेत होता. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात एक उंचसा तरुण उभा होता. एका हातात फोन. दुसरा हात मागे, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर धापा टाकणाऱ्या आईला आधार द्यायला.

"माफ करा," तो म्हणाला, "शहरातलं सगळ्यात सुंदर दृश्य इथून दिसतं ना?"

तिने टॉवेल सावरला. मग त्याच्या हातातला फोनच बोलला. गोड, समजूतदार, आत्मविश्वासाने ओथंबलेला आवाज. "अभिनंदन. आपण पोहोचलात. या ऐतिहासिक सज्ज्यातून एकेकाळी राजघराण्यातल्या स्त्रिया सूर्यास्त पाहत असत."

तिने झटकन फोनच्या पडद्याकडे पाहिलं.

तो आवाज तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. 'वाटाड्या' नावाचं ते अ‍ॅप ती जिथे नोकरी करायची तिथेच तयार होत होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं, पर्यटकाला बोटाला धरून शहर दाखवणारं. त्यातलं कुठलं बटण कुठे असावं, मशीनने कधी बोलावं आणि कधी गप्प बसावं, हे सगळं ठरवणारी डिझायनर तीच. आणि मागे कधीतरी चाचणी करताना नमुन्याचं ठिकाण म्हणून स्वतःच्या घराचा पत्ताही तिनेच घातला होता... 'बाल्कनी, दृश्य बरं', एवढंच लिहून. ते पुसायचं राहून गेलं. त्या तीन शब्दांना राजघराणं मशीनने आपल्या मनाने जोडलं होतं.

"कोण आलंय गं?" आतून आत्याने विचारलं.

"राजघराण्यातल्या स्त्रियांचं दर्शन घ्यायला आलोय," तिच्या डोक्यावरच्या टॉवेलकडे पाहत तो गंभीरपणे म्हणाला. "मुकुट दिसला, म्हणजे पत्ता बरोबर असावा."

ती कानापर्यंत लाल झाली. तेव्हाच सांगायला हवं होतं, की अहो, हा घोटाळा माझाच. पण त्याची आई अजून भिंतीला टेकून श्वास घेत होती, आणि तीन मजले त्या माउलीला आपण चढायला लावले, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"आत या ना काकू," एवढंच ती म्हणाली.

आत्या आयुष्यभर करखात्यात नोकरी करून निवृत्त झालेली. माणूस दारात उभा राहिला की खरं काय नि खोटं काय ते तिला वासावरून कळायचं. तिने शब्दकोड्यातून डोकं वर काढलं, फोनवरचं चिन्ह पाहिलं, भाचीचा चेहरा पाहिला आणि न बोलता पाण्याचे पेले आणले. काकूंनी मात्र पेल्याला नुसते ओठ लावले. मग हळूच तिच्या जवळ सरकून, मुलाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "बाळ, तुमचं बाथरूम..."

काकू आत गेल्या आणि तो बाल्कनीत गेला. तिथून दिसायचं काय, तर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, एका दोरीवर कुणाचे तरी मोजे, आणि इस्त्रीवाल्याच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर.

"दृश्य चांगलं आहे," तो म्हणाला. म्हणताना तो टाकीकडे बघत नव्हता. "तुम्ही काय करता?"

"मी... चित्रं काढते."

आत्याने पेन्सिल खाली ठेवली. पुन्हा उचलली.

खोटं नव्हतं ते. पण खरं बोलल्यावर माणूस असा चोरासारखा नजर चुकवत नाही.

*

तो ध्वनी तंत्रज्ञ होता. सभागृहांतून माइक लावायचे, मागे बसून आवाज सांभाळायचा. नव्या नोकरीसाठी आईला घेऊन तो या शहरात आला होता. काकूंनी सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे केली होती. जगभरच्या गावांचे शिक्के त्यांच्या हाताखालून गेले, स्वतः मात्र त्या कुठेच गेल्या नव्हत्या. आता दर रविवारी एक ठिकाण बघायचं, असं माय-लेकांनी ठरवलं होतं.

"या यंत्राचा काही भरवसा नाही," निघताना काकू तिला म्हणाल्या होत्या. "पुढच्या रविवारी वस्तुसंग्रहालयाला नेणार म्हणतंय. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात नेऊन सोडेल. तू चल ना सोबत."

ती गेली. जाताना मनाला बजावलं, कामासाठीच जातेय. अ‍ॅप वापरणारी खरी माणसं बघायला मिळणार. मग कपाटातले चार कुडते पलंगावर का पसरले होते, ते तिने मनाला विचारलं नाही.

वस्तुसंग्रहालयाच्या दारातच वाटाड्याने विचारलं, "आज आपली मनःस्थिती कशी आहे?" आणि पडद्यावर रंगीबेरंगी चेहऱ्यांची रांग उभी केली. साहसी, निवांत, जिज्ञासू, रम्य... बोट वर सरकवावं तितके चेहरे निघत होते. ते सगळे तिने स्वतः रंगवले होते. त्यासाठी ऑफिसात टाळ्याही मिळाल्या होत्या.

काकूंनी चष्मा वर केला, खाली केला. "माझी मनःस्थिती याला कशाला हवी? आत बसायला बाक आहे का, एवढं सांग म्हणावं."

"हे ज्याने बनवलं ना," तो तिच्याकडे वळून म्हणाला, "तो माणूस कधी कुणाच्या आईबरोबर फिरला नसणार."

"नसेल," ती म्हणाली.

"तुम्हाला काय वाटतं, कसा असेल तो?"

"कदाचित... ती असेल."

"मग तर नक्की सुंदर असणार. एवढे चेहरे रंगवणाऱ्या बाईला आरशासमोर बराच वेळ मिळत असेल."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असंही वाटलं. 'सांग आता,' मन म्हणालं. पण तोवर तो पुढे गेला होता, एका जुन्या घंटेसमोर मान किंचित तिरकी करून थांबला होता, जणू ती घंटा कधीकाळी कशी वाजली असेल ते त्याला आत्ताही ऐकू येत होतं... आणि ती त्याच्या मानेकडे बघत राहिली.

सोमवारी तिने पहिल्यांदा आपल्या घराचा पत्ता पुसला. मग ते चेहरे.

"चेहरे काढलेस?" मॅडमनी विचारलं. मॅडम म्हणजे तिची वरिष्ठ, चालता चालता विचार करणारी आणि विचार करता करता खुर्च्यांना अडखळणारी. मॅडमच्या या डिझायनरला ऑफिसात सगळे चित्रगुप्त म्हणायचे, चित्रं काढते आणि गुपचूप असते म्हणून. ते नावही मॅडमनीच ठेवलेलं.

"चेहऱ्यांऐवजी बाकं दाखवू या. बाकं, पायऱ्या किती, सावली कुठे."

मॅडम थांबल्या. हे थांबणं दुर्मीळ होतं. "आज आपल्याकडे एक शहर आहे. वर्षअखेर शंभर होतील. प्रत्येक शहराचं वेगळेपण मशीन शोधेल. सगळ्या शहरांत सारखं काय, ते तुला शोधायचंय. तेच टिकेल, तेच वाढेल."

सगळ्या शहरांत सारखं काय? तिला भिंतीला टेकून धापा टाकणाऱ्या काकू आठवल्या. राजवाडे वेगळे, पण गुडघे सगळीकडे सारखेच की.

पुढच्या रविवारी बागेच्या फाटकात वाटाड्या आपणहून म्हणाला, "आतमध्ये सावलीत बाक आहे. पायऱ्या नाहीत." काकूंचा मुलगा जागीच उभा राहिला.

"आई, ऐकलंस? तू मागच्या आठवड्यात म्हणालीस आणि आज बाकं आली. हा फोन चोरून ऐकतो म्हणतात ते खरं आहे."

"मग जपून बोलायला हवं," ती म्हणाली.

"का? काय बोलणार होतात?"

"मी कुठे काय..."

"नाही म्हणजे, मला पण काही बोलायचं आहे. पण फोनने ऐकलं आणि पुढच्या रविवारी शहरभर जाहीर केलं तर?"

वाऱ्याने तिची ओढणी उडवली, त्याच्या मनगटाला लागली, आणि ती सोडवायला दोघांनाही जरा जास्तच वेळ लागला.

असे रविवार येत राहिले. दीपगृह, जुना पूल, टेकडीवरची वेधशाळा. तो एखादी तक्रार करायचा आणि आठवड्याभरात ती तक्रार नाहीशी व्हायची. 'ऐतिहासिक' हे त्याने तिचं नावच पाडलं होतं. "काय ऐतिहासिक, आज उशीर?" म्हणता म्हणता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. फक्त ती जितकी त्याच्या जवळ येत होती, तितकं ते पहिल्या दिवशीचं न सांगितलेलं वाक्य मोठं होत होतं. सुरुवातीला ते चिमूटभर होतं. आता ते उचलायलाच जमेना.

*

वेधशाळेच्या दिवशी तो तिकिटांच्या रांगेत उभा होता आणि त्या दोघी बाकावर बसल्या होत्या. ऊन कडक होतं. काकूंचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"पाणी घ्या ना काकू." तिने बाटली पुढे केली.

"नको गं."

"दर वेळी नको म्हणता."

काकूंनी रांगेकडे पाहिलं, मुलगा लांब आहे याची खात्री केली. "प्यायलं की जावं लागतं," त्या पुटपुटल्या. "वय झालं. थांबवत नाही. आणि विचारायचं कुणाला? एकटी असताना या यंत्राला विचारलं एकदा, तर भर रस्त्यात ओरडून सांगायला लागलं, स्वच्छतागृह अमुक ठिकाणी, डावीकडे वळा. माणसं वळून बघायला लागली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मुलाला तरी कसं सांगू? त्यापेक्षा तहान बरी." मग तिचा हात धरून म्हणाल्या, "कुणाजवळ बोलू नकोस हं. तू आपली म्हणून सांगितलं."

"नाही बोलणार," ती म्हणाली. आणि त्या क्षणी ती मनापासूनच म्हणाली होती.

त्या आठवड्यात तिने जे काम केलं, तसं त्याआधी कधी केलं नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसा थेंब. त्याला बोट लावलं की वाटाड्या एक अक्षरही बोलणार नाही. फोन तळहातात फक्त थरथरेल, डावीकडे एकदा, उजवीकडे दोनदा. आणि थेंबाला बोट नाही लावलं तरी सुचवलेली वाट गुपचूप अशाच रस्त्यांवरून जाईल, जिथे अशी सोय आहे. कुणाला काही विचारावं लागणार नाही. हे प्रत्येक शहरात चालणार होतं.

ऑफिसात ज्याने वापरलं त्याने ते दुसऱ्याला दाखवलं. एका सहकाऱ्याची बायको गरोदर होती. त्याने तर खुर्ची ओढून पुन्हा पुन्हा पाहिलं.

"हे सुचलं कुठून तुला?" मॅडमनी विचारलं.

आणि तिथे ती घसरली. कौतुकाने माणूस सैल होतो. ती सांगत गेली. पोस्टातल्या काकू, पांढरे ओठ, भर रस्त्यात ओरडणारा फोन, 'त्यापेक्षा तहान बरी'. सांगताना हाताने एक रेखाचित्रही काढलं: मांडीवर पर्स घट्ट धरून बाकावर बसलेली एक बाई. चांगलं जमलं होतं ते.

"हीच गोष्ट शंभर शहरांच्या घोषणेच्या कार्यक्रमात सांगायची," मॅडम म्हणाल्या.

"नको मॅडम. त्यांनी विश्वासाने सांगितलंय."

"नाव कुठे घेतोय आपण? कुणाला कळणार आहे?"

ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचीच तिला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

*

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी तो तिला एका रिकाम्या सभागृहात घेऊन गेला. मागच्या टेबलाशी बसवलं, तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि स्वतः रंगमंचावर जाऊन माइकसमोर उभा राहिला. इतका लांब, की त्याचा चेहराही धड दिसत नव्हता, आणि आवाज मात्र तिच्या कानाच्या पाळीला लागून.

"ऐकू येतंय?"

तिने मान हलवली.

"लोकांना वाटतं आवाज मोठा केला की ऐकू जातो. खरं म्हणजे आजूबाजूचं कमी करावं लागतं. तू आलीस ना, तेव्हापासून माझ्या आजूबाजूचं सगळं कमी झालंय." तो थांबला. त्याचा श्वासही तिला ऐकू आला. "हे फोन ऐकत नाहीये. म्हणून इथे सांगतोय."

तिचे डोळे भरून आले. हेडफोन काढून ती रंगमंचापाशी गेली. "मला तुला काही सांगायचंय."

"सांग."

"मी... तुला वाटते तशी नाही."

"बरं झालं. मला वाटते तशी असतीस तर मी तुझ्यासमोर उभाच राहिलो नसतो, दिपून गेलो असतो." तो हसत होता. इतका निर्मळ हसत होता की तिचं धैर्य विरघळून गेलं.

"कार्यक्रम होऊ दे एक," ती म्हणाली. "ऑफिसातला. मग सांगते."

"माझंही त्याच दिवशी काम आहे. मोठं आहे म्हणे. आईला घेऊन जाणार आहे, माझं काम तिने कधी पाहिलंच नाही."

कसला कार्यक्रम, हे तिने विचारलं नाही. त्यानेही नाही.

*

सभागृह भरलं होतं. ती पहिल्या रांगेत होती, त्यामुळे मागे कोण बसलंय ते तिला दिसलं नाही. मॅडम छान बोलत होत्या. शंभर शहरं, लाखो प्रवासी. मग त्यांनी आवाज हलका केला.

"पण ही सुरुवात झाली एका काकूंपासून. जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या. एकदा त्यांनी फोनला हळूच विचारलं, आणि फोनने गावाला सांगितलं." मॅडमनी वाटाड्याच्या आवाजाची नक्कल केली, मग काकू कशा गोठून उभ्या राहिल्या असतील त्याचीही. सभागृह खळखळून हसलं. मागच्या पडद्यावर तिचं रेखाचित्र आलं, भिंतभर मोठं. मांडीवर पर्स. आवळलेले ओठ. खाली अक्षरं: 'त्यापेक्षा तहान बरी.'

"आणि ही कल्पना जिची, ती आमची चित्रगुप्त. ये गं वर."

टाळ्यांच्या गजरात ती वर गेली. कुणीतरी हातात माइक दिला. तिने समोर पाहिलं, आणि सभागृहाच्या अगदी शेवटी, दिव्याच्या लहानशा वर्तुळात, तिला तो दिसला. कानांवर हेडफोन. त्याच्या शेजारच्या खुर्चीत काकू. त्यांच्या मांडीवर पर्स होती. ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, तिच्याकडेही बघत नव्हत्या. पर्सच्या चिमट्याकडे बघत होत्या.

तिला वाटलं, आपण इथेच विरून जावं. तोंडाला कोरड पडली होती. "धन्यवाद," ती म्हणाली, आणि तो एकच शब्द सभागृहभर स्वच्छ, स्पष्ट पसरला. त्याने आवाज एवढासाही कमी-जास्त केला नव्हता. आपलं काम त्याने चोख केलं होतं.

ती मागे धावत पोचली तेव्हा काकूंची खुर्ची रिकामी होती. तो वायरींची वेटोळी करत होता.

"बाकं, पायऱ्या, सावली," तो वर न बघता म्हणाला. "सगळं आमचंच होतं तर. आणि मी फोनला शहाणा समजत होतो."

"मी पहिल्या दिवशी घाबरले. मग रोज सांगायचं ठरवत होते..."

"आम्ही तुला कोण होतो? रविवारचा अभ्यास?"

"नाही." तिचा आवाज फुटला. "तसं नव्हतं. म्हणजे, तेही होतं. पण मी तुझ्यासाठी यायचे."

त्याने वेटोळं बांधलं, खाली ठेवलं. "मला माझं काही वाटत नाही. चेष्टा आम्हीही केली त्या अ‍ॅपची, फिटंफाट. पण आईचं..." तो थांबला. बोलणं जड जात होतं त्याला. "तिने ते मलासुद्धा सांगितलं नव्हतं. इतके रविवार मी तिच्याबरोबर फिरलो. ती पाणी पीत नाही हे मला दिसलं नाही. मी जन्मभर ऐकण्याचं काम करतो, आणि माझ्या आईचं म्हणणं मला आज परक्या बाईच्या नकलेतून ऐकायला मिळालं. लोक हसत होते, आणि मी त्यांना ते नीट ऐकू जाईल याची काळजी घेत होतो."

त्याची मान खाली होती. ती त्याच्यासमोर उभी होती, तिचीही. यापेक्षा तो तिच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

*

दोन दिवस तिने अंगावरचं पांघरूण काढलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या कॉफीचा कप घेऊन पलंगाशी आली.

"लाज वाटतेय?"

"खूप."

"वाटायलाच हवी. पण ती इथे गादीवर घेऊन लोळतेस कशाला? जिची आहे तिच्या दारात नेऊन ठेव." मग जरा मऊ होऊन, "मीही पहिल्या दिवशी गप्प बसले. मला वाटलं, तू सांगशील."

आधी ती ऑफिसात गेली. कार्यक्रमाचं चित्रीकरण सगळीकडे पाठवलं जाणार होतं. तिने त्यातली गोष्ट आणि ते रेखाचित्र काढायला सांगितलं. आणि निघत नसेल तर मी निघते, असंही. मॅडम चालता चालता थांबल्या. "मला वाटलं होतं, तुला अभिमान वाटेल," त्या हळूच म्हणाल्या. मग खिडकीपाशी गेल्या. "त्या तिथेच होत्या?"

"हो."

"आणि मी नक्कल केली." मॅडम खुर्चीत बसल्या. "काढते. आजच."

तिथून ती त्यांच्या घरी गेली. दार काकूंनीच उघडलं. आत बोलावलं, बसायला सांगितलं, आणि समोर बसल्या. दोघींच्या मधे कुणी काही ठेवलं नाही, चहाही नाही.

"काकू, मी तुम्हाला शब्द दिला होता. मी तो मोडला. सुरुवातीपासून खोटंही बोलले. काही बहाणा नाही माझ्याकडे."

काकूंनी पदर सावरला. "पोस्टात असताना," त्या म्हणाल्या, "लोकांची किती पाकिटं माझ्या हातातून गेली. काही तर अर्धवट चिकटवलेली असायची, नुसता अंगठा लावला की उघडतील अशी. मी एकही उघडलं नाही. तू माझं उघडलंस, पोरी. आणि भर सभेत वाचलंस."

ती रडू लागली. काकूंनी रडू दिलं, डोळे पुसायला पदर पुढे केला नाही.

"ते हसले तेव्हा मला वाटलं, सगळ्यांना माझं तोंड माहीत झालं," त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर मी याच्याशी बोलले नाही, हा माझ्याशी बोलला नाही. मग काल जेवताना हाच म्हणाला, आई, तुला तहान लागते आणि मला कळत नाही, असला कसला मुलगा मी. आम्ही दोघं रडलो. इतकी वर्षं झाली, असं बोललोच नव्हतो कधी." त्यांनी सुस्कारा सोडला. "म्हणून तुझं चुकलं ते बरोबर होत नाही. ते चुकलंच. मला विसरायला वेळ लागेल."

"हो काकू."

"तो थेंब मात्र चांगला केलास. वापरला मी. तळहातात थरथरतो, गुदगुल्या होतात." त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, हसू म्हणावं इतकं नाही. "आता रविवारी बंदरावर जायचंय. तू ये. पण माझ्यावर काही लिहायचं नाही, काढायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. नुसतं चालायचं."

"आणि... तो?"

"त्याचं तोंड त्या दिवसापासून फुगलेलं आहे. असा फुगा घेऊन एकटीने फिरायला मला जमत नाही."

*

बंदरावर वारा भणाणत होता. तो पुढे, काकू मधे, ती मागे, अशी वरात निघाली होती. कुणाचाच फोन हातात नव्हता. तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, पण पाय घसरेल अशा दगडापाशी आला की थांबून मागे बघायचा. आई पार झाली तरी थांबलेला असायचा.

दोरखंडांच्या दुकानाशी काकू उभ्या राहिल्या. "अरे," त्या मुलाला म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "मला जायचंय. विचार जरा कुणाला."

तो क्षणभर बघत राहिला. मग दुकानात गेला, विचारलं, बाहेर आला आणि आईला मागच्या दारापर्यंत सोडून आला. परत आला तेव्हा ती एकटीच कठड्याशी उभी होती. तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला.

"विचारणं इतकं सोपं होतं," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"माझंही सांगणं तितकंच सोपं होतं. पहिल्या दिवशी."

"हो."

लाटा कठड्याखाली आपटत होत्या. तिने ओठ घट्ट मिटले, पुन्हा उघडले. "मी आता सांगते. सगळं. तुमच्या दारापर्यंत तुम्हाला आणलं ते माझ्या चुकीने. पुढचे रविवार मी कामासाठी येते असं स्वतःला सांगत होते, आणि तुमचं ऐकलेलं ऑफिसात नेत होते. आणि मला तू आवडतोस. हे मी कुठेही लिहिलेलं नाही, कुणाला दाखवलेलं नाही, सुधारलेलंही नाही. पहिल्यांदाच म्हणतेय, म्हणून जरा... ओबडधोबड आहे."

तो वळला. त्याची मान किंचित तिरकी झाली होती.

"आमच्या दारापर्यंत नाही," तो म्हणाला. "तुमच्या दारापर्यंत."

"काय?"

"आम्ही तुमच्या दारात आलो होतो. घाबरलीस की उलटं बोलतेस."

ती खजील होऊन खाली बघू लागली. तिला त्याचे बूट दिसत होते. ते बूट एक पाऊल जवळ आले.

"मला अजून राग आहे," तो म्हणाला.

"असू दे."

"बराच आहे."

"किती?"

त्याने विचार केल्यासारखं केलं. "पुढच्या रविवारपर्यंत पुरेल."

"आणि मग?"

"मग संपेल. तो संपला की नाही हे बघायला तुला यावं लागेल." कठड्यावरच्या तिच्या हातावर त्याने हात ठेवला. त्याचा तळवा वायरींनी खरखरीत झालेला होता, आणि गरम होता. "मलाही तू आवडतेस. ते मी आधीच सांगितलंय. माइकवर. परत घेतलेलं नाही."

तिने बोटं त्याच्या बोटांत गुंतवली. बोलली असती तर रडू आलं असतं, आणि या आठवड्यात रडून झालं होतं पुष्कळ.

दुकानाचं मागचं दार वाजलं. काकू पदराला हात पुसत येत होत्या. त्यांना पाहताच तिने लाजून हात ओढायला बघितला, पण त्याने सोडला नाही. काकूंनी दोघांकडे पाहिलं, मग मुद्दाम समुद्राकडे पाहिलं.

"मी पुढे होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही या सावकाश."

आणि पर्स खांद्याला लावून, बोटींकडे जाणाऱ्या उतारावरून त्या एकट्याच, कुणाला वाट न विचारता, चालायला लागल्या.